दिलीप राजाचे एकवीस दिवस

गेल्या खेपेस आमच्या आगरांतील वानरांचे पराक्रम आम्हीं वाचकांच्या कानांवर घातले होते. त्यावर पुण्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. वानरांविषयीं त्यांत अवाक्षर नाहीं. त्या विचारतात, "आपल्या घरीं गाय आहे असें आपल्या लिहिण्यावरून दिसतें. गाईच्या सहवासानें चित्तास शांति लाभते असें हल्लीं फार ऐकूं येतें, तें खरें काय?" वस्तुतः अशा पत्रास टपालानेंच उत्तर धाडावयाचें, पण तसें तें कां धाडतां आलें नाहीं हें पुढें ओघानें येईलच. तूर्त प्रश्नाकडे वळूं.

उत्तर देण्यापूर्वीं उत्तर देणाराचा अधिकार पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. आमचा अधिकार असा कीं, मास्तरकीच्या उभ्या आयुष्यांत रघुवंशाचा दुसरा सर्ग आम्हीं किती वेळां शिकविला असेल याची गणती नाहीं. कामधेनूची अवज्ञा घडल्यामुळें निःसंतान राहिलेला दिलीप राजा वसिष्ठांच्या आज्ञेवरून तिची कन्या नंदिनी हिची सेवा पत्करतो, छायेसारखा तिच्यामागून रानोरान हिंडतो, कोवळ्या गवताचे घांस भरवितो, अंग खाजवितो, गोमाशा वारतो. असे एकवीस दिवस जातात. बाविसाव्या दिवशीं सिंह येतो, राजा गाईच्या बदलीं आपला देह पुढें करतो, परीक्षा पुरी होते आणि राजाला रघूसारखा पुत्र लाभतो. हा सर्ग शिकवितांना आमचा कंठ दाटून येत असे व मागच्या बांकावरील मुलांस झोंप येत असे. गाय म्हणजे काय हें आपणांस पुरतें ठाऊक आहे, अशी आमची त्या काळीं प्रामाणिक समजूत होती.

२०१८ सालीं आम्ही सेवानिवृत्त झालों आणि दापोली तालुक्यांतील आमच्या मूळ घरीं येऊन राहिलों. घर एकत्र आहे. दादा, वहिनी, पुतण्या, त्याची बायको, त्याचीं दोन मुलें, आणि आतां आम्ही उभयतां. प्रत्येकास नेमून दिलेलें काम होतें. आम्हांसच तेवढें नव्हतें. चार दिवस आम्हीं ओटीवरील झोंपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचलें. पांचव्या दिवशीं दादांनीं खुंटीवरची काठी काढून आमच्या हातांत दिली व म्हणाले, "तुला तो सर्ग तोंडपाठ आहे ना? मग आजपासून तांबूला सड्यावर तूं नेत जा." दादांचा विनोद नेहमीं असाच असतो, तो विनोद होता हें समजेपर्यंत काम आपल्या गळ्यांत पडलेलें असतें.

तांबू म्हणजे आमची गाय. अंगानें तांबूस, ठेंगणी, शिंगें आंखूड, आणि दृष्टि एखाद्या जुन्या हेडमास्तरासारखी. कोंकणांतल्या या गाईंना इतकीं वर्षें कोणी नांवाजीत नसे. 'गांवठी' म्हणून सोडून देत. ज्या २०१८ सालीं आमची नोकरी संपली त्याच सालीं 'कोंकण कपिला' या नांवानें त्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली. म्हणजे आमचें पद गेलें त्याच वर्षीं तिला पद मिळालें. दूध दोन्ही वेळचें मिळून जेमतेम अडीच लिटर. परंतु डोंगर चढावा, धो धो पावसांत भिजावें आणि उन्हाळ्यांत वाळल्या काडीवर दिवस काढावे ते हिनेंच. आम्हीं तिचें नांव नंदिनी ठेवलें. त्या नांवानें हांक मारली असतां ती आजवर एकदांही वळली नाहीं. वहिनींनीं माजघरांतून 'तांबू' असें नुसतें पुटपुटलें तरी ती खळ्याच्या पलीकडे कान टवकारते.

पहिल्याच दिवशीं एक पाठभेद आमच्या ध्यानांत आला. राजा गाईमागून छायेसारखा जात असे खरा. पण छायेला गुडघे नसतात. ती पाखाडीवरून घसरत नाहीं, करवंदीच्या जाळींत अडकत नाहीं, आणि गाय गडगा ओलांडून परक्याच्या कुळथांत शिरली म्हणजे शेतमालकापुढें हात जोडण्याचें काम छायेकडे येत नाहीं. हीं सर्व कामें आमच्याकडे आलीं. शिवाय गाईला तिच्या मनास येईल तिकडे जाऊं द्यावें असा राजाचा नेम. राजाला तो परवडतो, कारण सगळी पृथ्वी त्याचीच. आमच्या सड्याच्या चारी बाजूंस चार भाऊबंदांच्या जमिनी, आणि त्यांपैकीं तिघांशीं आमचा हद्दीचा वाद आजोबांच्या वेळेपासूनचा. तांबूनें मात्र ती हद्द कधींच मान्य केलेली नाहीं.

तिचा आहारही शास्त्रशुद्ध नव्हता. एकदां पावसाळ्याच्या आरंभीं तिनें पडवीच्या कठड्यावरून मान लांब करून तेथें ठेवलेलें पंचांग ओढलें आणि आषाढापासून कार्तिकापर्यंतचीं पानें खाल्लीं. सबंध चातुर्मास गिळल्यावरही तिच्या मुद्रेवर कसलाच पालट दिसला नाहीं. घरांत मोबाइल आहेत. पण त्यांतल्या तिथींवर वहिनींचा विश्वास नाहीं. त्यांनीं अंदाजानें एक एकादशी दशमीसच केली, आणि चूक उघडकीस आल्यावर दुसऱ्या दिवशीं पुन्हां केली. त्यांतल्या एका उपासाचें पुण्य गाईच्या नांवें जमा झालें असें दादा म्हणाले.

इतर मंडळींविषयीं थोडक्यांत सांगतों. मांजराविषयीं लिहिण्यासारखें कांहीं नाहीं. तें लेखकाच्याच वृत्तीचें आहे. दिवसभर निजतें आणि घर आपण चालवितों असें समजतें. म्हशीस नांव नाहीं. ती हांक मारल्यानें येत नाहीं आणि हांकलल्यानें जात नाहीं, तेव्हां नांवाची गरज कधीं भासलीच नाहीं. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळानें आमच्या भागाची धूळधाण केली. आमचे निम्मे माड आणि पोफळी आडव्या झाल्या व गोठ्याचीं कौलें उडालीं. त्या सायंकाळीं गुरें पडवींत आणून बांधावीं लागलीं, तीं पुढें दीड महिना तेथेंच राहिलीं. वीज नाहीं, फोन नाहीं, वर मृगाचा पाऊस. कंदिलाच्या उजेडांत आम्ही जेवावयास बसलों म्हणजे म्हैस माजघराच्या खिडकींतून आपलें मस्तक आंत घाली आणि पंगतीकडे पाहत रवंथ करी. आमच्या सौभाग्यवतींनीं अखेर खिडकीपाशीं तिच्यासाठीं केळीचें एक पान मांडावयास सुरुवात केली. वाढलेलें खाऊन ती पानही खाई, त्यामुळें उष्टें काढण्याचा प्रश्न नव्हता. गोठा शाकारून झाल्यावर ती परत गेली, तेव्हां पंगतींतलें एक माणूस कमी झालें म्हणून धाकटी नात दोन दिवस हिरमुसली होती.

सिंहाचा प्रसंगही आमच्यावर येऊन गेला. २०२१ च्या पावसाळ्यांत वरच्या वाडींतून बिबट्यानें एक कुत्रा उचलला. त्याच आठवड्यांत मध्यरात्रीच्या सुमारास गोठ्यांतून असा कांहीं घुमणारा, घोगरा आवाज आला कीं आम्ही उठून बसलों. दादांना दम्याचा त्रास, पुतण्या गाढ झोंपलेला. तेव्हां एका हातांत बॅटरी व दुसऱ्या हातांत छत्री घेऊन आम्हीच निघालों. गोठ्याच्या दाराशीं पोहोंचतों तों बॅटरी विझली आणि अंधारांत कांहींतरी जड धूड आमच्या रोखानें आलें. राजाचा हात बाणांच्या भात्यापाशीं जखडला असें काव्यांत वर्णन आहे. आमचा छत्रीच्या मुठीपाशीं जखडला. फरक इतकाच कीं राजानें आपला देह पुढें केला. आम्हीं मागें केला, आणि पुतण्याला हांक मारली. त्यानें दिवा लावला. पेंडीच्या बादलींत तोंड अडकलेलें म्हशीचें पारडूं गोठाभर फिरत होतें. "काका, छत्री कशाला?" एवढेंच तो म्हणाला. त्यावर समर्पक उत्तर आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं.

हा पुतण्या हिशेबी आहे. वाडी तोच पाहतो आणि गोठ्याची वही ठेवतो. पेंड, पेंढा, गड्याची मजुरी एका बाजूस. दूध आणि शेणखत दुसऱ्या बाजूस. प्रत्येक गुराला स्वतंत्र पान. २०२२ च्या गणपतींत त्यानें ती वही आमच्यापुढें ठेवली. "काका, तुम्हीच बेरीज करून पाहा. म्हैस आपला खर्च काढते. पण तांबूचें दूध लिटरला केवढ्यास पडतें तें बघा. ही दुसऱ्या कोणा चांगल्या माणसाकडे देऊन टाकूं या." बेरीज बरोबर होती. आम्हीं ती दोनदां करून पाहिली, तरी बरोबरच आली. दादा कांहीं बोलले नाहींत. वहिनी आंतून म्हणाल्या, "दिवाळीनंतर बघूं." तांबूच्या पायाशीं त्या वेळीं महिन्याभराचा पाडा होता.

दिवाळीनंतर बघण्यासारखें राहिलें नाहीं. त्या वर्षीं ऑगस्टपासूनच राज्यांत लम्पी चर्मरोगाची सांथ पसरूं लागली होती. गुरांचे बाजार बंद झाले, गुरें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं नेण्यास मनाई झाली. गुरांचे डॉक्टर वाडींत येऊन शेळ्यांच्या देवीवरील लस गाईंस टोंचून गेले. तीच लस या रोगावर चालते. पाडा फार लहान म्हणून त्याला टोंचलें नाहीं. लस अंगीं लागावयास तीनएक आठवडे जावे लागतात. रोग त्यापूर्वींच आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे ६ ऑक्टोबरास, तांबू चरावयास उठली नाहीं. अंग तव्यासारखें तापलें होतें आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतें. तिसऱ्या दिवशीं मानेवर व पाठीवर सुपारीएवढाल्या गांठी उठल्या, पुढचे पाय सुजून खांबासारखे झाले. दूध आटलें. डॉक्टर आले, तापावर आणि जखमा चिघळूं नयेत म्हणून इंजेक्शनें दिलीं. खुद्द रोगावर नेमकें औषध नाहीं असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. माणसांस हा रोग होत नाहीं, हेंही सांगितलें. मग म्हणाले, "हा रोग माशा, डांस, गोचीड यांच्या चावण्यानें पसरतो. हिला दूर बांधा, आणि मुख्य म्हणजे अंगावर माशी बसूं देऊं नका."

आम्ही तें ऐकून क्षणभर गप्प राहिलों. राजा गोमाशा वारीत असे या उल्लेखावर आम्हीं वर्गांत कधीं अर्धें मिनिटही घालविलें नव्हतें. समास सोडवावयाचा आणि पुढें जावयाचें. परीक्षेंत सिंहावर प्रश्न येतो, माश्यांवर येत नाहीं.

पोफळींच्या पलीकडे जुनी खोपी आहे, तेथें तिला नेलें. नेलें म्हणजे चौघांनीं मिळून सव्वा तासांत शंभर पावलें चालविली. पाड्याला वेगळा बांधला. सकाळ-संध्याकाळ शेणी आणि कडुनिंबाचा पाला जाळून धूर करावयाचा, आणि मधल्या वेळीं पंचा घेऊन बसावयाचें. दिवसा आम्ही व सौभाग्यवती, रात्रीं पुतण्या. होय, तोच. त्याला कोणी सांगितलें नव्हतें. पहिल्या रात्रीं तो घोंगडी घेऊन निघाला तेव्हां वहिनींनीं फक्त त्याच्या हातांत चहाचा थर्मास दिला.

राष्ट्रीय डेअरी विकास मंडळानें या रोगांत द्यावयाचा म्हणून एक घरगुती पाठ प्रसिद्ध केला होता, तो डॉक्टरांच्या संमतीनें आम्हीं सुरू केला. विड्याचीं दहा पानें, मिरीं दहा ग्रॅम, मीठ दहा ग्रॅम, हें वाटून गुळांत कालवावयाचें. जेवणानंतर एका विड्यावर आमची बोळवण करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती गाईला दिवसांतून तीन वेळां दहा दहा पानें भरवूं लागल्या. दापोलीच्या बाजारांत पानें महागलीं होतीं. आमचा विडा त्या पंधरवड्यांत बंद पडला, आणि ती गोष्ट आम्हांखेरीज कोणाच्या ध्यानांतही आली नाहीं.

भरविण्यावरून आठवलें. आम्ही घांस तिच्या तोंडाशीं नेत होतों आणि ती मान फिरवीत होती. वहिनी मागें येऊन उभ्या राहिल्या. सत्तरी उलटलेली, गुडघे आमच्याहून वाईट. थोडा वेळ पाहून म्हणाल्या, "भावोजी, ती दुसरीकडे बघत असतांना हात पुढें करूं नका. आधीं तिला तुमच्याकडे बघूं द्या, मग द्या." मग त्या स्वतः तिच्यासमोर बसल्या, घांस मांडीवर ठेवला आणि कांहींच केलें नाहीं. बऱ्याच वेळानें तांबूनें मान वळविली. तेव्हां त्यांनीं हात उचलला आणि तिनें चार काड्या घेतल्या. चार वर्षें आम्ही त्या गाईमागून हिंडत होतों. ती केव्हां बघते याकडे आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें.

पाड्याला पांचव्या दिवशीं ताप आला. नवव्या दिवशीं पहाटे तो गेला. पुतण्यानें आणि गड्यानें खोल खड्डा खणून, चुना घालून त्याला पुरलें. तांबूला उठण्याची शक्ति नव्हती. पण दोन दिवस ती थांबून थांबून हंबरत होती. घरापर्यंत तें ऐकूं येई. त्या दोन दिवसांविषयीं आम्ही अधिक लिहीत नाहीं.

पुढच्या आठवड्यांत, २१ ऑक्टोबरास, वसुबारस आली. सवत्स धेनूची पूजा, आणि वत्स तर नाहीं. घरांतल्या बायकांत सकाळपासून कुजबूज चालली होती. सुनेचें म्हणणें, यंदा पाटावर तांदळाच्या पिठाचीं गाय-वासरूं काढून तेथेंच पूजा करावी. वहिनी ऐकेनात. तिन्हीसांजेस त्या तबक घेऊन पोफळींतून निघाल्या, मागून आम्ही कंदील घेऊन. तोंच धाकटी नात धांवत आली. गणपतीच्या वेळची उरलेली शाडूची माती भिजवून तिनें दुपारभर बसून एक वासरूं केलें होतें. तें वासराहून बेडकासारखें अधिक दिसत होतें, कान मात्र फार मोठे होते. वहिनींनीं तें तांबूच्या पुढ्यांत ठेवलें, दोघांनाही हळदकुंकू वाहिलें, ओवाळलें. तांबूनें तें हुंगलें. मग ती तें चाटूं लागली. माती अजून ओली होती. चाटतां चाटतां तिनें त्याचे कान नाहींसे केले. नात रडावयाच्या बेतांत आली, पण रडली नाहीं. पुतण्या खोपीच्या खांबाला टेकून उभा होता. तो मध्येंच बाहेर निघून गेला आणि बराच वेळ धुरासाठीं पाला गोळा करीत राहिला. पाला आधींच पुष्कळ होता.

एकवीस हा आंकडा आम्ही मनांत धरून बसलों होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे. एकोणिसाव्या दिवशीं नरकचतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नान आटोपून, दिवाळीचा नवा पंचा खांद्यावर टाकून आम्ही खोपींत गेलों आणि धुराची व्यवस्था करण्यासाठीं वांकलों. खांदा एकाएकीं हलका झाला. वळून पाहतों तों तांबू चार पायांवर उभी होती आणि पंच्याचा निम्मा भाग तिच्या तोंडांत होता. आम्हीं ओढून पाहिलें. तिनें सोडला नाहीं. तिच्या ओढण्यांत पूर्वींचा जोर होता. आम्ही तसेच उघड्या खांद्यानें घराकडे धांवत गेलों, आणि कोणीतरी फटाके वाजविले. औषधानें गुण आला, लशीनें आला, धुरानें आला कीं तिचे दिवस भरले नव्हते म्हणून आला, हें सांगतां येत नाहीं. कालिदासाचा आंकडा मात्र दोन दिवसांनीं चुकला.

पाड्याची नुकसानभरपाई सरकारकडून १६,००० रुपये आली. वहिनी त्या पैशांना हात लावीनात. पुतण्यानें त्यांतून गोठ्याला चारी बाजूंनीं बारीक जाळी लावून घेतली. वहींत तांबूचें पान त्यानंतर पुढें लिहिलेलें नाहीं. आम्हीं एकदां विचारलें, तर वही सांपडत नाहीं म्हणाला. ती त्याच्या कपाटांत वरून दुसऱ्या खणांत आहे. आम्हीं पाहिली आहे.

त्या वेतांत तांबूला पुन्हां दूध आलें नाहीं. दीड वर्ष ती नुसती खाऊन राहिली. २०२४ च्या वैशाखांत तिला कालवड झाली. चीक कालवडीला पोटभर पाजून मगच वहिनींनीं भांडें लावलें, म्हणून खरवस वाटीभरच झाला आणि दहा तोंडांत वांटला गेला. कालवडीसाठीं आम्हीं सुरभि हें नांव सुचविलें. कोणीं ऐकून घेतलें नाहीं. नातीनें तिला आधींच 'बेडकी' म्हणावयास सुरुवात केली होती, आणि कान पाहतां तें नांव तिला शोभतेंही.

ही बेडकी आतां चांगली वाढली आहे आणि दावें सोडवून ओटीपर्यंत येते. परवां दुपारीं भगिनींचें पत्र झोंपाळ्यावर ठेवून आम्ही चष्मा आणावयास आंत गेलों. परत येतों तों पत्राचा वरचा निम्मा भाग, म्हणजे नांव, पत्ता व तारीख, नाहींसा झाला होता. प्रश्न तेवढा शिल्लक होता. भगिनींनीं कृपा करून आपला पत्ता पुन्हां कळवावा, म्हणजे चित्तशांतीविषयीं सविस्तर लिहूं. तूर्त लेखणी येथेंच ठेवावी लागत आहे, कारण खळ्यांत कसला तरी फाटल्याचा आवाज झाला, आणि आमचा दुसरा पंचा तेथेंच वाळत घातलेला आहे.